बांधकामाचं इकॉनॉमिक्स आणि कॉस्टिंग कुठून शिकू?

साइटवरचा_सिव्हिल: डिप्लोमा करून ३ वर्षं साइटवर आहे, आता टेंडरिंगला जायचंय. क्वांटिटी काढता येते पण रेट अ‍ॅनालिसिस (एका आयटमचा दर फोडून काढणं) आणि ते एनपीव्ही (पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या पैशांची आजची निव्वळ किंमत) वगैरे आलं की गाडी अडते, सुरुवात कशी करू?

पुणेकर_क्यूएस: आधी पीडब्ल्यूडीची दरसूची घे आणि एकच आयटम पूर्ण सोडव. उदा. एम२० काँक्रीटचा १ घनमीटर, सिमेंट-वाळू-खडीचं प्रमाण १:१.५:३, ड्राय व्हॉल्यूम (कोरड्या मालाचं आकारमान) १.५४ धरून प्रमाणाच्या बेरजेने, म्हणजे ५.५ ने भागलं की सिमेंट ०.२८ घनमीटर म्हणजे साधारण ४०३ किलो, ८ गोण्या. मग वाळू, खडी, मजुरी, मिक्सरचं भाडं, सेंटरिंग वेगळं, वर ओव्हरहेड आणि नफा. हे हाताने कर, एक्सेल नंतर. आणि आयएस १२०० (बांधकामाच्या मोजमापाचं मानक) वाच रे, प्लास्टरमध्ये ०.५ चौ.मी.पर्यंतचं ओपनिंग वजा करत नाहीत, हे माहीत नसलं तर बिलात मार बसतो.

विदर्भ_इस्टिमेटर: एनपीव्हीला घाबरू नकोस. ३ वर्षांनी मिळणारे १ कोटी वर्षाला १० टक्क्यांनी आजचे फक्त ७५.१३ लाख होतात, बस एवढंच. म्हणून रनिंग बिल (काम चालू असताना दिलेलं बिल) लटकलं की कागदावरचा नफा खरंच वितळतो, माझ्या पहिल्या कामात रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) अडकलं आणि व्याजातच सगळं गेलं, तेव्हापासून मी कॅश फ्लो महिन्यावारी मांडल्याशिवाय रेट भरतच नाही.

साइटवरचा_सिव्हिल: खूप आभार दादा, आज रात्रीच स्लॅबचा आयटम सोडवून इथे टाकतो, चुका दाखवा.