आवड आधी शोधायची की ती कामातून सापडते?

डिचोलीकर :

माझी मुलगी यंदा बारावीला आहे. शाळेत घेतलेल्या कल चाचणीचा कागद तिने परवा घरी आणला. त्यावर ‘संवाद व माध्यमे’ या क्षेत्राकडे तिचा कल असल्याचे छापले होते. ती हरखून गेली आणि मी मात्र अस्वस्थ झालो. दीड तासाच्या प्रश्नोत्तरांतून एखाद्याच्या अंगचा गुण कळतो, यावर माझा विश्वास बसत नाही, आणि तो का बसत नाही हे सांगण्यासाठी मला स्वतःबद्दल थोडे लिहावे लागेल.

मी एका खाणीच्या वजनकाट्यावर कारकून होतो. भरलेला ट्रक काट्यावर चढला की वजन लिहायचे, पावती फाडायची, पुढचा ट्रक घ्यायचा. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातल्या खाणी थांबल्या, काही काळाने सुरू झाल्या, आणि ८८ खाणपट्टे रद्द ठरल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. कर्ज काढून ट्रक घेतलेले ओळखीचे लोक तेव्हा बँकेची पत्रे घेऊन माझ्या ओसरीवर येऊ लागले. काट्यावरचा माणूस म्हणजे लिहिता-वाचता येणारा माणूस, एवढाच त्यांचा हिशेब होता. पत्रातली एकेक ओळ वाचून, थकलेला हप्ता कुठला आणि त्यावरचे व्याज कुठले, हे वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवताना माझ्या लक्षात आले की घाबरलेल्या माणसाला अवघड कागद समजावून सांगणे मला जमते आणि त्यात मला समाधानही आहे. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी सापडलेल्या याच गुणावर आज माझे घर चालते. कोणत्याही चाचणीत तो निघाला नसता. म्हणून माझे मत असे की, मुलांना ‘तुझी आवड शोध’ असे सांगण्यापेक्षा त्यांना लोकांच्या कामात उतरवावे. काय जमते ते तिथे आपोआप दिसते.

अंत्रुजची शिक्षिका :

आपला अनुभव मोलाचा आहे, परंतु त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. आपल्या ओसरीवर लोक आले, कारण आपण पुरुष होता, नोकरदार होता आणि चार लोकांत आपली ऊठबस होती. मी अठ्ठावीस वर्षे फोंडा तालुक्यात शिकवते आहे. माझ्या विद्यार्थिनींकडे कामे चालत येतात ती धाकट्या भावंडांना सांभाळण्याची आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांत पातोळ्या-नेवऱ्या करण्याची. त्या कामांतही गुण दिसतात, पण त्यांना गुण म्हणायला कोणी तयार नसते. अशा मुलीच्या हातात ‘तुझा कल अमुक’ असे छापलेला कागद पडला, तर तो कितीही अपुरा असला तरी घरात बोलायला तिला आधार मिळतो.

शिवाय आपल्या मातीतलेच उदाहरण घ्या. कुर्डी गावच्या गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा गळा लहानपणी ओळखला तो त्यांच्या आईने. पुढे नाटक कंपनी आणि त्यानंतर उस्ताद अल्लादियाखाँ यांची तालीम, हा सगळा प्रवास त्या एका पारखीतून सुरू झाला. वेळेवर कोणीतरी पारख करावी लागते. सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत थांबणे प्रत्येकाला परवडत नाही.

वेर्ण्याची रात्रपाळी :

दोघांचेही वाचले. माझा मुद्दा वेगळा आहे: आवडीतूनच पोट भरले पाहिजे, हा आग्रह कशासाठी? मी एका औषध कारखान्यात गोळ्यांच्या पाकिटांच्या विभागात काम करतो. ते काम मला आवडत नाही आणि नावडतही नाही. माझा जीव आहे घुमटात, म्हणजे आरतीला वाजवतात त्या मडक्याच्या वाद्यात. चामडे भिजवून मडक्याच्या मोठ्या तोंडावर ताणायचे, सुतळीने करकचून बांधायचे, आणि वाळताना ते कुठे सैल पडते का हे बोटाने टिचकी मारून पुन्हा पुन्हा पाहायचे. पूर्वी घोरपडीचे कातडे असे. वन्यजीव कायद्याने त्यावर बंदी असल्यामुळे आता बकऱ्याचे लावतात आणि दोन्हींच्या नादात फरक पडतो. डावा तळवा मागच्या लहान तोंडावर किती उघडायचा आणि किती झाकायचा, यावर आवाज जाड की बारीक ते ठरते, आणि हे हाताला बसायला मला सहा चवथी लागल्या.

२०१९ मध्ये सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला, याचा मला अभिमान वाटतो. तरीही उद्या महिन्याचा हप्ता घुमटातून फेडायचा असता, तर आरतीला बसल्यावर माझे लक्ष तालाऐवजी बिदागीकडे गेले असते. पगार कारखान्याने द्यावा आणि आनंद घुमटाने.

डिचोलीकर :

बाई, आपले पहिले म्हणणे मला मान्य करावेच लागेल. माझ्या ओसरीवर एकही बाई कागद घेऊन आली नव्हती, हे आपण लिहिल्यावरच मला आठवले. मोगूबाईंच्या बाबतीत मात्र एक विचारतो: आईने पारख केली ती रोज कानावर पडणाऱ्या आवाजाची की छापील प्रश्नांच्या उत्तरांची? आपण शिक्षकांनी मुलींकडे तसे रोज पाहावे, असे म्हणत असाल तर मी आपल्याच बाजूचा आहे. रात्रपाळीवाल्या मित्राला इतकेच सांगतो की आमच्या खाणीही कायमच्या वाटत होत्या. ज्या पगाराच्या भरवशावर घुमट सुखात वाजते तो पगार थांबला, तर हातात दुसरे काय आहे, याचा विचार त्यांनी चालू नोकरीतच करून ठेवावा.

पणजीची पदवीधर :

काका, लोकांच्या कामात उतरा, असे आपण सांगता. पण उतरण्याची पायरीच निघून चालली आहे. मी गेल्या वर्षी पदवी घेतली. एका लहान कार्यालयात मला मराठी-इंग्रजी भाषांतराचे काम मिळाले होते. आठ महिन्यांत पहिला खर्डा कृत्रिम बुद्धिमत्तेकडे गेला आणि माझ्याकडे फक्त चुका तपासणे उरले. पुढे तेही काम वरिष्ठांनीच करायचे ठरवले, कारण चुका ओळखायला अनुभव लागतो आणि तो माझ्याकडे नव्हता. आपण काट्यावर वर्षानुवर्षे पावत्या फाडल्या, म्हणून बँकेच्या पत्रातले आकडे आपल्याला परके वाटले नाहीत. तशी साधी, चुका पोटात घालणारी उमेदवारी आम्हाला कोण देणार?

त्या आठ महिन्यांत एक गोष्ट मला निश्चित कळली. जमिनीच्या जुन्या कागदांतली वाक्ये यंत्र सफाईदारपणे चुकीची लिहिते आणि ती चूक माझ्या डोळ्यांना खुपते. हा गुण म्हणावा की नुसती खोड, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

अंत्रुजची शिक्षिका :

हा गुणच आहे, आणि तो भाषांतराच्या टेबलावर सापडला, हे डिचोलीकरांचे म्हणणे मी इथे मान्य करते. चाचणीच्या कागदाबद्दलचे माझे मत मात्र बदललेले नाही. डिचोलीकर, आपल्याकडे कागद घेऊन येणाऱ्यांत जमिनीच्या भानगडी असलेले लोकही असतीलच. या मुलीला आणि आपल्या कन्येला शनिवारी त्या ओसरीवर बसू द्याल का? आणि आजवर न आलेल्या बायकांना ‘या’ असे सांगायला माझ्या विद्यार्थिनींच्या आयांपासून सुरुवात करता येईल. ते मी करते.