नाकावरचे ब्लॅकहेड्स परत परत येतात, गालावरचे पोअर्स (त्वचेची छिद्रं) मोठे दिसतात, मुंबईच्या दमट हवेत काय चालतं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, वय २९, स्किन भयंकर ऑइली, रोज मुलुंड ते करी रोड लोकलने. सकाळी तोंड धुऊन निघते, पण गर्दीतून उतरेपर्यंत नाक आणि हनुवटी चकचकीत, टिश्यू टेकवला की तेलाचा डाग. नाकावर काळे ठिपके आणि नाकाशेजारी गालावर संत्र्याच्या सालीसारखं दिसतं, जवळून फोटो काढायचा म्हटलं की मी मागे सरकते.

पार्लरमध्ये वाफ देऊन काढून घेते, थोडे दिवस नाक मस्त गुळगुळीत, मग परत तेच. तिथली ताई सांगते की वाफेने पोअर्स उघडतात आणि बर्फाने बंद होतात. शेवटी स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं, तर त्या म्हणाल्या असं काही नसतं, पोअर्सना स्नायूच नसतात, वाफेने आतलं फक्त मऊ होतं. आणि तो काळा रंग मळाचा नाही, आतलं तेल आणि मेलॅनिन (त्वचेला रंग देणारं द्रव्य) हवा लागून काळं पडतं, म्हणून स्क्रबने कितीही घासलं तरी जात नाही. नाक दाबल्यावर जो बारीक पिवळट धागा निघतो तो तर बहुतेक वेळा ब्लॅकहेड नसतोच, सेबेशियस फिलामेंट म्हणजे पोअरमधला तेलाचा नेहमीचा धागा असतो, सगळ्यांनाच असतो आणि काढला तरी महिन्याभरात परत भरतो. हे ऐकून खरंच बरं वाटलं.

आता २ टक्के सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश आणि एक रात्र सोडून ०.१ टक्के ॲडापलीन जेल (पोअर्स बुजू न देणारं, व्हिटॅमिन ए गटातलं औषध), पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, पोअर्स कायमचे बारीक होत नाहीत पण कमी दिसतात, हेही स्पष्ट सांगितलंय. (प्रेग्नन्सीचा विचार असेल तर हे जेल लावायचं नाही, कुणी वाचून स्वतःच सुरू करू नका प्लीज.)

अडचण अशी की नाकाच्या कडांना सालपटं निघतायत आणि आग होते, मॉइश्चरायझर लावलं तर दुपारपर्यंत चिपचिप. सनस्क्रीन घामाबरोबर डोळ्यात जातं, पण ते सोडायचं नाहीये, कारण उन्हाने कोलॅजन (त्वचा घट्ट ठेवणारं प्रोटीन) कमी होतं आणि पोअर्स अजून सैल दिसतात. आई खोबरेल तेल लाव म्हणते, पण त्याने पोअर्स बुजतात. आणि मेडिकलवर मिळणारी गोरं करणारी क्रीम्स कृपया सुचवू नका, त्यातल्या बऱ्याच क्रीम्समध्ये स्टिरॉइड असतं, आमच्या बिल्डिंगमधल्या एकीचा चेहरा त्याने लालभडक झाला होता.

ॲडापलीन लावणाऱ्यांनो, आधी मॉइश्चरायझर मग जेल असं केलं तर सालपटं कमी झाली का? घामात टिकणारं, डोळ्यांना न झोंबणारं जेलवालं सनस्क्रीन कोणतं, आणि दुपारी ऑफिसात परत लावताना तोंड धुता की नुसतं टिपून घेता?

आणि मुख्य म्हणजे डिसेंबरात बहिणीचं लग्न आहे, डॉक्टर म्हणाल्या हवं तर सॅलिसिलिक पील करू (ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर काढतात ते). माझा रंग सावळा आहे, पीलनंतर काळे डाग राहतील याची खूप धास्ती वाटते. सावळ्या स्किनवर पील करून घेतलेलं कुणी असेल तर जरूर लिहा, आणि त्याआधी ॲडापलीन किती दिवस बंद ठेवायला सांगितलं होतं तेही सांगा, म्हणजे पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांशी नीट बोलता येईल.