आरसीसीबीचे चाचणी-बटण आणि पावसाळ्यातील ट्रिपिंग

प्रश्न :
आमचे घर चिपळूणजवळ आहे. मुख्य डीबीमध्ये (वीज-वितरण पेटीत) 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) असून पाऊस लागला की तो वारंवार ट्रिप होतो. वायरमन तो काढून थेट जोडणी करण्यास सुचवत आहेत. त्यावरील ‘टी’ (चाचणी) बटण दाबल्यावर खटका लगेच खाली पडतो. ही चाचणी किती दिवसांनी करावी आणि तेवढी पुरेशी असते का? घरात इन्व्हर्टरही आहे.

प्रतिसाद १ :
कृपया आरसीसीबी काढू देऊ नका. फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा प्रवाह यांत फरक पडला, म्हणजेच वीज ओल्या भिंतीतून, उपकरणाच्या सांगाड्यातून किंवा माणसाच्या शरीरातून जमिनीकडे गळू लागली, की तो पुरवठा तोडतो, आणि पावसाळ्यात या संरक्षणाची गरज सर्वाधिक असते. 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने 15 मिलिअँपिअरपर्यंत पडू नये आणि 30 ला पडलेच पाहिजे, असे मानक सांगते. त्यामुळे अनेक ठिकाणच्या लहान गळत्या एकत्र आल्या तरी तो पडू शकतो.

बटण महिन्यातून एकदा, पुरवठा चालू असताना दाबावे. खटका पडला नाही तर बटण दाबून धरू नये, कारण आतील रोध जळू शकतो. पुरवठा असूनही खटका पडत नसेल तर आरसीसीबी बदलावा. मात्र या चाचणीच्या मार्गात अर्थिंगची तार येतच नाही, त्यामुळे खटका पडला म्हणून अर्थिंग शाबूत आहे असे मानणे धोक्याचे आहे.

प्रतिसाद २ :
मी तारतंत्री म्हणून काम करतो. सर्व एमसीबी (प्रत्येक सर्किटचे वेगळे खटके) बंद करून आरसीसीबी चढवावा आणि मग एकेक एमसीबी चालू करावा. ज्यावर तो पडेल त्या सर्किटमध्ये दोष शोधावा. परंतु एकपोली एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, म्हणून गीझर, पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन यांचे प्लग प्रत्यक्ष काढल्याशिवाय न्यूट्रल आणि अर्थ यांमधील दोष सापडत नाही. गीझरचे जुने एलिमेंट आणि बाहेरच्या दिव्यांचे जोड मी सर्वप्रथम तपासतो.

इन्व्हर्टरच्या सर्किटचा न्यूट्रल आरसीसीबीच्या आधीच्या न्यूट्रलला जोडला गेला असेल, तर कोठेही गळती नसताना तो पडतो. ही चूक बऱ्याच घरांत आढळते, परंतु तुमच्याकडे पावसाशी संबंध दिसतो, म्हणून परवानाधारक व्यक्तीकडून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) इन्सुलेशनही मोजून घ्यावे. त्याआधी इलेक्ट्रॉनिक उपकरणे काढून ठेवावीत. वाचन एक मेगाओहमपेक्षा कमी आले तर त्या सर्किटची वायर बदलण्याची तयारी ठेवावी.

प्रश्नकर्ता :
आरसीसीबी काढणार नाही. नव्या वायरमनकडून मेगरची चाचणी आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध, दोन्ही मोजून घेतो.

प्रतिसाद १ :
उत्तम. त्याच वेळी आरसीसीबी-टेस्टरने ट्रिप होण्याचा वेळही मोजून घ्यावा. 30 मिलिअँपिअरला तो 300 मिलिसेकंदांच्या आत असला पाहिजे, आणि हे बटणावरून कळत नाही.