टेकडीवर झाडं लावण्याआधी किडे-कोळी बघायचे?

पौडरोडकर
आमचा सकाळी टेकडीवर फिरणाऱ्यांचा ग्रुप आहे. यंदा पावसाळ्यात वरच्या मोकळ्या उतारावर चर खणून झाडं लावायचं ठरलंय, रोपं फुकट मिळतायत. ग्रुपमधली कॉलेजची एक मुलगी म्हणते, आधी तिथले किडे आणि कोळी बघा, मग जागा ठरवा. निम्मे हसले. पक्षी मोजतात ते ठाऊक आहे, पण कोळी? आणि आम्हा साठी उलटलेल्यांना ते जमेल का?

रानवाट
काका, मुलीचं ऐका. पक्षी लांबून येऊन तारेवर बसतो, त्यावरून खालच्या गवताची तब्येत कळत नाही. फुलपाखराचंही तसंच, घाणेरीवर कुठूनही येतं. म्हणून मी सुरवंट शोधतो. रुईच्या पानामागे काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा प्लेन टायगर फुलपाखराचा सुरवंट दिसला, की समजायचं हा इथलाच.

कोळी तर पक्के रहिवासी. पायवाटेकडेच्या मातीच्या दरडीत नीट बघा. मातीचंच गोल झाकण असतं, एका बाजूला रेशमाची बिजागरी. नजर बसेपर्यंत दिसतच नाही. आत ट्रॅपडोअर कोळ्याची मादी वर्षानुवर्षं त्याच बिळात राहते, पिल्लंही फार लांब जात नाहीत. म्हणजे ती माती बरीच वर्षं कुणी उकरलेली नाही. तिथे चर खणलात तर सगळं संपलं. बोरी-बाभळीवर धुळीने राखाडी झालेलं जाळ्याचं गबाळ दिसेल, ते झाडूने काढू नका. ते एकत्र राहणाऱ्या कोळ्यांचं घर आहे. माशी अडकली की आतून चार-पाच जणी एकदम धावतात!

करायचं एवढंच: झुडपाखाली उलटी छत्री धरा, फांदीवर काठीने दोन-तीन टोले द्या, पडेल ते मोजा, फोटो काढा, सोडून द्या. गवताळ उतार, गिरिपुष्पाची (म्हणजे ग्लिरिसिडिया, परदेशी झाड) लागवड आणि खालचा राडारोडा, तिन्हीकडे सारखीच झुडपं, सारखीच वेळ. जाती ओळखता आल्या नाहीत तरी चालेल. जाळं विणणारे, जमिनीवर पळणारे, उड्या मारणारे, फुलात दबा धरणारे असे गट पाडा. जिथे गट जास्त, तिथे कुदळ नको. तुम्ही ज्याला मोकळा म्हणताय तो उतार रिकामा नाही, गवताचं रान आहे ते. दिसला माळ की लाव झाड, या हौसेचा मला खरंच कंटाळा आलाय.

कल्याणकर
भर वस्तीतही कोळ्यांच्या नव्या जाती सापडतात बरं का. २६/११ला कसाबला धरून ठेवणारे शहीद तुकाराम ओंबळे यांचं नाव २०२१ मध्ये एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला दिलं, इसियस तुकारामी. तो आमच्या ठाणे-कल्याण पट्ट्यातलाच.

पौडरोडकर
हे माहीत नव्हतं! पण मोजणी कधी करायची? रोपं तर जूनमध्येच येणार.

रानवाट
जूनमध्ये कोळी बहुतेक बारीक असतात, पटकन नजरेत भरत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बघा, जाळी सकाळच्या दवात लांबूनही दिसतात. रोपं थांबणार नसतील तर यंदा पायथ्याच्या राडारोड्यावर लावा, तिथे बिघडण्यासारखं काही उरलेलं नाही. गिरिपुष्प आलं तर परत पाठवा. करंज, बेल, कडुनिंब मागा. छत्री मात्र जुनी घ्या, घरच्यांची चांगली नेलीत तर बोलणी खाल.