कोहिमाची सहल आणि देशपांडे काकूंचे पाच हजार

(सोसायटीचा ग्रुप, घोडबंदर रोड, ठाणे)

देशपांडे काकू, ए-४०३: नमस्कार. जोशी सरांनी टाकलेला कार्यक्रम आत्ता चष्मा लावून वाचला. पहिल्या दिवशी युद्धातली दफनभूमी, दुसऱ्या दिवशी युद्धाचं संग्रहालय, मग कुठलासा रणगाडा. पाच हजार घेताना ऑर्किड आणि धबधबे म्हणाला होतात. सत्तरीला टेकलेल्या माणसांनी सुट्टीत कबरी बघायच्या?

साळवी, सी-१०१: नागालँडच्या परमिटसाठी फोटो (मागे पांढरं) आणि ओळखपत्र मला पर्सनलवर पाठवा. ग्रुपवर टाकू नये 🙏

जोशी सर, ए-७०४: काकू, ती जागा तुम्हाला वाटते तशी नाही. टेकडीच्या उतारावर टप्प्याटप्प्यांनी १,४२० कबरी, मधे फुलझाडं. ज्यांना अग्नी दिला त्या ९१७ हिंदू-शीख जवानांची नावं वेगळ्या स्मारकावर आहेत. दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल १९४४ मध्ये, इथे डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट होतं. एका बाजूला जपानी, दुसऱ्या बाजूला आपले आणि ब्रिटिश. मधल्या तेवढ्या जागेवरून हातबॉम्ब फेकाफेकी. कोर्टाच्या रेषा आजही सिमेंटने आखलेल्या आहेत.

नाईक, बी-२०४: आपल्याही बॅडमिंटन कोर्टावर आठ महिने एक गाडी तळ ठोकून आहे. रेषा आखून घ्या, पुढेमागे स्मारक करता येईल 😂

मोरे, बी-६०२: नाव घेऊन बोला. मला कमिटीची लेखी परवानगी आहे.

नाईक, बी-२०४: मी कुठे कोणाचं नाव घेतलं मोरेसाहेब?

देशपांडे काकू, ए-४०३: विषय पाच हजारांचा आहे.

प्राजक्ता, सी-५०३: जोशी काका, बाबांचं नाव दिलंय म्हणून विचारते. मणिपूरला जाणार नाही ना? बातम्या ऐकून आईला झोप नाही.

जोशी सर, ए-७०४: नाही गं. इम्फाळ आणि मोइरांग माझ्या पहिल्या बेतात होतं. आझाद हिंद सेनेने १४ एप्रिल १९४४ ला मोइरांगला तिरंगा फडकवला होता. पण मणिपूरमधला २०२३ पासूनचा हिंसाचार बघून गाळलं. दिमापूरला उतरायचं, तिथून गाडीने कोहिमा.

शिंदे काका, बी-३०२: म्हणजे सांगशाक पण नाही.

जोशी सर, ए-७०४: नाही काका. ते मणिपूरमध्येच.

शिंदे काका, बी-३०२: बरं.

नाईक, बी-२०४: युद्धाचंच बघायचं तर ठाण्याचा किल्ला काय वाईट? १७३७ ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. आत आता तुरुंग, राहणं-जेवण फुकट. काकूंचे पाच हजार वाचले.

देशपांडे काकू, ए-४०३: नाईक, तुम्ही पुढे होऊन खोल्या बघून या.

साळवी, सी-१०१: परमिटसाठी फोटो आणि ओळखपत्र मला पर्सनलवर. अजून अकरा जण बाकी आहेत.

प्राजक्ता, सी-५०३: शिंदे काका, सांगशाकला काय आहे?

शिंदे काका, बी-३०२: आमचे चुलत आजोबा होते तिथे. मराठा लाइट इन्फंट्री, चौथी बटालियन. मार्च ४४. डोंगरावर अडकले आणि पाणी संपलं. परत आले पण बोलले नाहीत त्यावर कधी. रात्री उशाशी दोन तांबे लागायचे. एक प्यायला. दुसऱ्याला हात लावायचा नाही, सकाळी आजी तो तुळशीला घालायची.

जोशी सर, ए-७०४: काका, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. त्या पलटणीने आणि छत्रीधारी ब्रिगेडने जपान्यांना २६ मार्चपर्यंत तिथे रोखलं, म्हणून कोहिमाला तयारीला थोडे दिवस मिळाले.

शिंदे काका, बी-३०२: कोणी विचारलं नाही.

ऑफिस (सोसायटी): आज दुपारी २ ते ६ टाकी सफाई. पाणी बंद राहील. भरून ठेवावे.

मोरे, बी-६०२: पुन्हा? मंगळवारी झाली ना?

नाईक, बी-२०४: मंगळवारी ए विंगची. तुमची गाडी हलली असती तर टँकर आत आला असता.

मोरे, बी-६०२: हे सगळं मीटिंगमध्ये काढतो.

देशपांडे काकू, ए-४०३: जोशी सर, त्या टेकडीला पायऱ्या किती? रेलिंग आहे का? आणि धबधब्याचं काय ते लिहून कळवा. पाच हजारांचं मी अजून सोडलेलं नाही.

शिंदे काका, बी-३०२: 📷

साळवी, सी-१०१: काका, आधार कार्ड ग्रुपवर नको! डिलीट करा. पर्सनलवर, पर्सनलवर 🙏