आयसीयूत एकदाच वापरायचे पडदे लावावेत का? (इंदूर, ४० खाटा)

मालवा_नर्सिंग
नमस्कार मंडळी. ४० खाटांचं रुग्णालय आहे. त्यात ८ खाटांचा आयसीयू आणि दाराची एक आयसोलेशन खोली (संसर्गजन्य रुग्णाला वेगळं ठेवायची). सध्या सगळीकडे पॉलिएस्टरचे कापडी पडदे आहेत. धुलाई बाहेर जाते आणि पावसाळ्यात पडदे वेळेवर परत येत नाहीत, म्हणून मळलेला पडदाही तसाच राहतो. दवा बाजारातल्या एका विक्रेत्याने नॉन-वोवन (न विणलेल्या, पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकच्या, न धुता फेकून द्यायच्या) पडद्यांचं कोटेशन दिलंय: १०० जीएसएम (चौरस मीटरला १०० ग्रॅम), अँटीमायक्रोबियल (जंतुरोधक), 'वर्षभर बदलायला नको'. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे पडदे सगळीकडे घ्यावेत की फक्त आयसीयूत? बदलायचे कधी? आणि काढलेला पडदा कोणत्या पिशवीत टाकायचा?

संसर्ग_नियंत्रण
ताई, 'वर्षभर' या शब्दावर आधी बोलू. ती कापडाची मुदत झाली, स्वच्छतेची नव्हे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या रुग्णालयात झालेल्या अभ्यासात (प्रसिद्धी २०१२) ४३ पैकी ४१ पडद्यांवर कधी ना कधी रोगकारक जंतू सापडले. त्या काळात नव्याने लावलेल्या १३ पडद्यांपैकी १२ आठवड्याभरातच दूषित झाले. कॅनडात विनिपेगच्या बर्न्स (भाजलेल्या रुग्णांच्या) विभागातल्या २०१८ च्या अभ्यासात धुतलेले पडदे लावल्यावर चौदाव्या दिवशी ८ पैकी ७ पडद्यांवर एमआरएसए (नेहमीच्या अँटिबायोटिकना न जुमानणारा स्टॅफ जंतू) मिळाला, आणि त्या खोल्यांतले रुग्ण एमआरएसएचे नव्हते. म्हणजे जंतू पडद्यावर पोचले ते बहुधा हातांनी. दोन्ही अभ्यासांनी कापडावरचे जंतू मोजले, रुग्णांचे संसर्ग किती घटले ते नाही, हे व्यवस्थापनाला सांगताना विसरू नका.

यावरून मी इतकंच म्हणेन: पडदा कापडी असो की नॉन-वोवन, लावल्यापासून आठवड्याभरात तो दूषित झाला असंच धरून चाला. नॉन-वोवनचा खरा फायदा जंतू मारण्यात नाही. तो पटकन बदलता येतो, परत येण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून बदलणं प्रत्यक्षात घडतं. तुमची अडचण नेमकी तीच आहे, तेव्हा आयसीयूत जरूर घ्या. जनरल वॉर्डात माझं मत कापडीच्या बाजूने आहे.

आयसोलेशन खोलीत पडदा लावूच नका. दार आहे, काचेला बाहेरून फिल्म किंवा पुसता येईल असं ब्लाइंड पुरतं. नसलेला पडदा बदलावा लागत नाही.

कधी बदलायचा:
– रक्त, उलटी, शौच, ड्रेनमधला स्राव यांचा डाग दिसला की त्याच पाळीत. 'सकाळी बघू' नको.
– एमआरएसए, व्हीआरई (व्हँकोमायसिनला न जुमानणारा जंतू), कार्बापेनेम या अँटिबायोटिकना न जुमानणारे जंतू किंवा सी. डिफिसिलचा (जुलाब लावणारा जंतू) रुग्ण हलवला की टर्मिनल क्लीनिंगबरोबर (रुग्ण गेल्यावरची पूर्ण सफाई), डाग असो वा नसो.
– यातलं काहीच झालं नाही तरी ठरलेल्या तारखेला. हा काळ तुमच्या संसर्ग नियंत्रण समितीने लिहून ठरवायचा. आयसीयूसाठी मी १ महिन्याने सुरुवात करेन आणि नोंदी पाहून पुढे-मागे करेन.

टर्मिनल क्लीनिंगमध्ये क्रम चुकतो तिथेच सगळं फसतं. पडदा आधी उतरवायचा, मग ट्रॅक (छताजवळची, पडदा सरकतो ती पट्टी) ओल्या कापडाने पुसायचा, मग खाट, लॉकर, मॉनिटर, शेवटी जमीन. नवा पडदा सगळं सुकल्यावर, ग्लोव्ह्ज काढून हात स्वच्छ करून लावायचा. बहुतेक ठिकाणी खाट पुसून होते आणि मग कुणीतरी शिडीवर चढून जुना पडदा ओढतं. ट्रॅकवरची सगळी धूळ पुसलेल्या खाटेवर येते. आपल्याकडे मे महिन्यात ट्रॅकवर बोट फिरवलं तर किती धूळ निघते ते तुम्हाला ठाऊकच आहे.

उतरवताना दोन माणसं हवीत. शेजारच्या खाटेवर ड्रेसिंग किंवा सक्शन चालू असेल तर थांबायचं, पंखा बंद. ग्लोव्ह्ज, मास्क, एप्रन. झटकायचा नाही. खालून वर, आतल्या बाजूला गुंडाळत न्यायचा, वरच्या माणसाने हुक सोडायचे, आणि पिशवी खाटेपाशीच उघडी ठेवायची. पडदा काखेत धरून कॉरिडॉरमधून नेणं बंद करा.

प्रत्येक पडद्यावर, धरायच्या कडेपासून थोडं दूर आणि डोळ्यांच्या उंचीवर, पक्क्या मार्करने लिहा: खाट क्रमांक, लावल्याची तारीख, बदलायची तारीख, सही. तीच नोंद रजिस्टरात. तारीख नसलेला पडदा मुदत संपलेला धरायचा.

आणखी एक, फार महत्त्वाचं. सिस्टर हात स्वच्छ करते, ग्लोव्ह्ज घालते, मग पडदा ओढते आणि त्याच ग्लोव्ह्जने सेंट्रल लाइनला (मोठ्या शिरेतल्या नळीला) हात लावते. हे रोज घडतं. क्रम असा शिकवा: आधी पडदा ओढा, मग हात, मग ग्लोव्ह्ज, मग रुग्ण. हँडरब (हातांना चोळायचं अल्कोहोल) खाटेच्या पायथ्याशी, पडद्याच्या आत ठेवा. बाटली बाहेर भिंतीवर असेल तर हात स्वच्छ केल्यानंतर पडद्याला हात लागणारच. सी. डिफिसिलचा रुग्ण असेल तर हँडरबवर विसंबू नका, अल्कोहोलने त्याचे बीजाणू (जंतूचं टणक, सुप्त रूप) मरत नाहीत. साबण-पाण्याने हात धुवायचे.

देखभाल_विभाग
मापाबद्दल लिहितो, कारण ऑर्डर तिथेच चुकते. विक्रेत्याला विचारा की सांगितलेली रुंदी सपाट कापडाची की चुण्या पडल्यानंतरची. सपाट कापड ट्रॅकच्या लांबीच्या १.२ ते १.५ पट लागतं. समजा ट्रॅक एल आकाराचा, २.४ अधिक २.१, म्हणजे ४.५ मीटर आहे. मग सपाट कापड साधारण ६ मीटर हवं. दर १५ सेंटिमीटरला एक हुक धरला तर ४१ हुक होतात. तितके रनर (हुक अडकवायचे सरकते तुकडे) ट्रॅकमध्ये आहेत का ते आधी मोजा. रनर कमी पडले की मधली छिद्रं रिकामी सोडतात, तिथे पडदा लोंबतो, लोक तिथेच ओढतात आणि छिद्र फाटतं. नॉन-वोवन एकदा फाटलं की शिवत बसू नका.

पडदा जमिनीपासून ३० ते ४० सेंटिमीटर वर राहू द्या. मॉप लागत नाही आणि खाली काय सांडलंय ते दिसतं. रनर अडकत असतील तर तेल घालू नका, धूळ धरून बसतं. सिलिकॉन स्प्रे मारा. हे पडदे वजनाला हलके असतात, उन्हाळ्यात पेडेस्टल पंख्याच्या झोताने उडून थेट ड्रेसिंग ट्रॉलीवर येतात. पंख्याची जागा बदला किंवा खालच्या कडेला जाड दुमड असलेला पडदा मागवा.

आगीचं विसरू नका. पॉलिप्रोपिलीन सुमारे १६० अंशाला वितळतं आणि थेंब गळतात. कापड सहज पेटत नाही याचं, एनएफपीए ७०१ (अमेरिकी मानक) किंवा बीएस ५८६७ भाग २ (ब्रिटिश मानक) चं प्रमाणपत्र मागा, आणि त्यावर तुम्ही घेताय त्याच कापडाचं नाव व जीएसएम असल्याची खात्री करा. छताला स्प्रिंकलर असतील तर वरचा साधारण ५० सेंटिमीटरचा भाग जाळीचा हवा. नाहीतर पाणी पडद्यावरच अडतं आणि पलीकडच्या खाटेपर्यंत पोचत नाही.

पिवळी_पिशवी
कचऱ्याचं उत्तर. जैव-वैद्यकीय कचरा नियम २०१६ प्रमाणे रक्त किंवा शरीरस्रावाने दूषित झालेलं लिनन (चादरी, पडदे असं कापड) पिवळ्या वर्गात, म्हणजे पिवळ्या पिशवीत येतं. पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकच आहे म्हणून कुणी लाल पिशवी सुचवेल. लाल पिशवीत नळ्या, कॅथेटर, ग्लोव्ह्ज असा निर्जंतुक करून प्लास्टिकच्या पुनर्प्रक्रियेला जाणारा माल जातो. डागाळलेला पडदा तसा नसतो, त्याला पिवळीच. आयसोलेशनच्या रुग्णाचा पडदा डाग नसला तरी पिवळीतच टाका. पिशवीवर बारकोड हवाच. पिशवीत टाकण्याआधी पडद्याला हायपोक्लोराइटमध्ये भिजवू नका, पिवळ्यातल्या लिननला क्लोरीनचं रसायन चालत नाही.

वजनाचा हिशोब करून ठेवा. १०० जीएसएम, ६ गुणिले २ मीटर, म्हणजे १२ चौरस मीटर, म्हणजे १.२ किलो. आयसीयूचे ८ पडदे एकदम बदलले तर साडेनऊ किलोच्या वर प्लास्टिक. नुसता मुदत संपलेला, न डागाळलेला पडदा सामान्य कोरड्या कचऱ्यात चालतो, पण नगर निगमच्या गाडीत देण्याआधी तो जैव-वैद्यकीय नाही हे कुणी ठरवलं त्याची रजिस्टरात सही असू द्या. आपल्या इंदुरात वर्गीकरण काटेकोर तपासलं जातं, रुग्णालयाच्या दारातला कचरा तर जास्तच.

धुलाईघर
जनरल वॉर्डासाठी माझंही मत कापडीच. तिथे दर ट्रॅकला तीन संच ठेवा: एक लावलेला, एक धुलाईत, एक कपाटात. पावसाळ्याची अडचण बहुतेक संच कमी असल्याने येते. लॉन्ड्रीच्या करारात तापमान लिहून घ्या. ब्रिटिश पद्धतीत ६५ अंशाला किमान १० मिनिटं किंवा ७१ अंशाला किमान ३ मिनिटं, शिवाय पाणी कपड्यांत मुरायला काही मिनिटं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या (सीडीसी) शिफारशीत ७१ अंशाला २५ मिनिटं. 'गरम पाण्यात धुतो' याला काही अर्थ नाही, मशीनच्या सायकलचा छापील कागद मागा. ज्यांच्या कापडाला वरून अग्निरोधक प्रक्रिया केलेली असते तिथे धुलाईगणिक ती उतरते, तेव्हा किती धुलायांची हमी आहे ते विचारा. आणि नॉन-वोवन पडदा धुऊन परत लावायचा मोह कुणाला झाला तर थांबवा. धुलाईत कापडाचे बंध सैल होतात, उन्हात वाळवलं तर पॉलिप्रोपिलीन ठिसूळ होतं.

मालवा_नर्सिंग
सगळ्यांचे मनापासून आभार. अजून एक. विक्रेता म्हणतो अँटीमायक्रोबियल आहे, आमच्याच लॅबमध्ये कल्चर करून बघा. खरंच तपासता येईल का?

संसर्ग_नियंत्रण
येईल, पण साध्या प्लेटवर (जंतू वाढवायच्या बशीवर) करू नका. पडद्यातलं रसायन प्लेटच्या माध्यमात उतरतं आणि तिथेही जंतूंची वाढ रोखतं. निकाल 'शून्य' येतो आणि विक्रेता खूश होतो. ५५ मिलिमीटरच्या कॉन्टॅक्ट प्लेट (थेट कापडावर दाबायच्या) घ्या, माध्यमात ते रसायन निष्प्रभ करणारे लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट ८० असलेल्या. नमुना धरायच्या कडेवरून, जमिनीपासून १ ते १.६ मीटर उंचीवरून, बाहेरच्या आणि आतल्या दोन्ही बाजूंनी घ्या. शेजारच्या खाटेच्या साध्या पडद्याचे नमुने त्याच दिवशी, तितक्याच दिवसांच्या वापरानंतर घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार? विक्रेत्याकडून आयएसओ २०७४३ चा (कापडाच्या जंतुरोधक चाचणीचं मानक) अहवाल मागा आणि त्यात कोणते जंतू, किती तासांनी, हे वाचा. बीजाणूंबद्दल त्यात काही नसेल तर सी. डिफिसिलसाठी तो दावा धरू नका.

साठा करताना दोन सीलबंद पडदे, हुकांसह, आयसीयूच्या स्वच्छ कपाटात ठेवा. डाग रात्री अडीच वाजता पडतो आणि स्टोअरची किल्ली दिवसपाळीच्या इनचार्जकडे असते.

देखभाल_विभाग
त्या कपाटापाशी छोटी दोन पायऱ्यांची शिडीही ठेवा, रबरी बुडाची. ती नसली की लोक रुग्णाच्या स्टुलावर चढतात.