हर्पीस झोस्टर म्हणजे आपली नागीणच का?

तासगावचं पोरगं: आबांना (वय ६८) परवा डाव्या बरगडीवर आग व्हायला लागली, आम्हाला वाटलं बागेत औषध मारताना अंगावर उडालं असंल, तर काल फोड. आत्या बघूनच म्हणाली नागीण हाय, गेरू लावा, तोंड आन शेपूट एक झाली तर माणूस जातो. मिरजेला दाखवलं, चिठ्ठीवर हर्पीस झोस्टर. मी मोबाईलवर नुसतं हर्पीस टाकलं आणि जे काय आलं ते घरात दाखवायची सोय नाही राव. भानगड काय नक्की?

मेडिकलवाला_मिरज: अहो ते वेगळं. हर्पीस हे आडनाव समजा, तुम्ही वाचलं ते सिम्प्लेक्स. आबांचं कांजिण्यांच्या व्हायरसचं, लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी तो जात नाही, मणक्याजवळ नसांच्या गाठीत झोपून राहतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती कमी झाली की नसेवाटे बाहेर. असायक्लोव्हिर किंवा तसलंच काही दिलं असंल, फोड आल्यापासून ७२ तासांत चालू झालेलं चांगलं. गेरू नको, चिघळतं.

औंधच्या बाई: आत्याबाई आणि डॉक्टर एकच बोलले की हो! ग्रीकमध्ये हर्पेइन म्हणजे सरपटणं, झोस्टर म्हणजे कमरपट्टा. आणि गंमत म्हणजे आपला सर्प आणि त्यांचा हर्प एकाच मुळातले, ग्रीकमध्ये सुरुवातीच्या स चा ह होतो, सप्तचं हेप्टा झालं तसं. इंग्रजीत शिंगल्स म्हणतात तेही लॅटिनमधल्या पट्ट्यावरूनच. वर्गात सांगितलं की पोरं खूश होतात.

तासगावचं पोरगं: आत्याला वाचून दाखवलं, लई खूश, आता म्हणते मग तोंड-शेपटीचं पण खरंच असणार 😅

मेडिकलवाला_मिरज: नाही ओ. नस मणक्यातून निघून एकाच बाजूनं फिरते, छातीच्या मध्यावर संपते, म्हणून पट्टा अर्धाच उठतो. क्वचित दोन्हीकडं उठली तरी तोंड-शेपूट भेटली म्हणून कोण मरत नाही. डोळ्याजवळ आली तर मात्र त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर गाठायचा. आणि घरात कांजिण्या न आलेलं कोण असंल, बारकं पोर, गरोदर बाई, तर फोडांपासून लांब ठेवा. त्यांना नागीण नाही होत, कांजिण्या होतात.

तासगावचं पोरगं: वहिनीला सातवा चालूय, तिला कांजिण्या आलेल्या का ते तिच्या आईलाच माहीत. थांबा, फोन लावतो.